शिफ्ट सुटल्यावर तीन ओळी



आपल्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमाने येथे घडली, आणि कितीतरी घरांचे घड्याळ शिफ्टवर चालू लागले. संध्याकाळी घरी आल्यावर आपण काय सांगतो? साहेब ओरडले, बस चुकली. शंभर रिव्हेट नीट बसले, याचा उल्लेख नसतो. द्राक्षबागेतून आलेल्यांचेही तेच.

मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी आणि प्रत्येकीचे कारण लिहिले. सहा महिन्यांनंतरही त्यांचा आनंद वाढलेला व उदासी कमी झालेली आढळली.

यात 'कारण' महत्त्वाचे. 'काम वेळेत झाले' एवढेच लिहू नये. 'शेजारच्या मशीनवरच्या भाऊंनी मदत केली' असे लिहिले की माणूस आठवतो, उद्या त्याचे आभार मानता येतात.

संत इग्नेशियस यांच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरीही उपकारस्मरणाचीच आहे. सेमिनरीत आम्ही मात्र ती ओलांडून घाईने दोषांकडे वळत असू!

थकलेला पगार वहीने मिळत नाही. तेथे युनियनकडेच जावे. उदासी हटतच नसेल तर डॉक्टरांना भेटावे. बाकीच्यांनी आज जेवणानंतर वही काढावी, आणि मुलांना आधी बोलू द्यावे.