पत्रा चेपतो, म्हणून माणूस वाचतो

घोडबंदर रोडवर अपघाताच्या गाड्यांचं डेन्टिंग करतो. इथे कंटेनर, दुचाक्या आणि नोकरदारांच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावतात. धडकेत लोखंड कसं वागतं, हे या कामानेच शिकवलं.

१. वेग दुप्पट, तर मार चौपट. ताशी ६० किलोमीटरने भिंतीला धडकणं म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडणं. याच रस्त्यावरच्या गायमुखच्या उतारावर हे ध्यानात ठेवा.

२. पुढचा भाग चेपायलाच हवा. "जुन्या गाड्या दणकट होत्या," असं गिऱ्हाइकं म्हणतात. पण धडक जेमतेम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात संपते. तेवढ्यात पुढची चॅनेलं, म्हणजे सांगाड्याचे लांब दांडे, घडी पडत जितकी आत जातात, तितका माणसाला बसणारा झटका कमी होतो. माणसाभोवतीचे पिलर, म्हणजे छत धरणारे खांब, मात्र वाकू नयेत, म्हणून ते जास्त कठीण पोलादाचे असतात.

३. सावकाश वाकवणं वेगळं, झटका वेगळा. अचानक मार बसला की साधा पोलादी पत्राही जास्त जोराने विरोध करतो. त्याच्या कणांना एकमेकांवरून सरकायला पुरेसा वेळ मिळत नाही. ओतीव भाग तर वाकण्याऐवजी तडकतात. म्हणून बंपर ठीक दिसला तरी इंजिनाचे ब्रॅकेट तपासून घ्या.

४. मार लागतो एकीकडे, निघतो दुसरीकडे. पोलादातून धक्का सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावतो. तोफगोळ्याच्या माऱ्यात ही लाट चिलखताच्या मागच्या बाजूवरून उलटते आणि आतल्या बाजूची खपली उडवते. गाडीचा वेग त्यामानाने फारच कमी, तरी जोर चॅनेलमधून मागे पोचतोच. समोरून धडकलेल्या गाडीचं दार घासू लागलं, तर पिलर हलल्याची शंका घ्या.

५. सरळ केलेला पत्रा पहिल्यासारखा होत नाही. वाकताना तो कडक होतो आणि पुन्हा ताणला जाण्याची त्याची ताकद घटते. पिलरचं कठीण पोलाद गॅसने तापवलं, तर त्याचा कसच जातो. असा भाग बदलूनच घ्या. वरच्या रंगावर भुलू नका.

६. पट्टा बांधा. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनसीएपीच्या चाचण्या २०२३मध्ये सुरू झाल्या. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरने समोरून धडकवतात आणि आतल्या पुतळ्यांना पट्टा बांधलेला असतो. म्हणजे गाडीचे तारे पट्टा लावणाऱ्यासाठीच आहेत. पत्रा आपलं काम करतो. तुम्ही तुमचं करा.