मिश्र पेर दुष्काळात का टिकते?



कोरडवाहू शेतीत चांगल्या सालापेक्षा वाईट सालाचा हिशेब मोठा असतो. पाऊस वेळेवर झाला तर बहुतेक पिके हाती लागतात. पण पावसाने महिनाभर ओढ दिली, की एकाच पिकावर भिस्त ठेवणाऱ्याच्या घरात धान्य येत नाही, दावणीला कडबा उरत नाही आणि बी-खतासाठी काढलेले कर्ज मात्र डोक्यावर राहते. ज्वारीत तुरीचे तास, बाजरीत मटकी-हुलगा अशी पेर आपले वाडवडील करीत आले ती याच धास्तीपोटी. या पेरीमागील तत्त्व वर्षानुवर्षे मोजमाप करून तपासण्याचे काम अमेरिकेतील परिसरशास्त्रज्ञ डेव्हिड टिल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते काम गवताच्या रानात झाले. तरी त्याचा धडा आपल्या शेताला लागू पडतो.

दुष्काळाने घेतलेली परीक्षा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक नावाचे तेथील विद्यापीठाचे संशोधन क्षेत्र आहे. जमीन रेताड व नत्राने गरीब आहे. शेती सोडून दिलेल्या व गवत माजलेल्या रानांत आणि एका जुन्या कुरणात १९८२ पासून लहान वाफे आखून प्रयोग सुरू झाले. काही वाफ्यांना नत्रखत दिले, काहींना दिले नाही. जास्त नत्र मिळालेल्या वाफ्यांत मोजक्या जोमदार वनस्पतींनी बाकीच्यांना दडपून टाकले. त्यामुळे काही वाफ्यांत अनेक प्रजाती राहिल्या, तर काहींत अगदी थोड्या उरल्या.

पुढे १९८७-८८ मध्ये त्या भागात कडक दुष्काळ पडला. एकूण २०७ वाफ्यांच्या नोंदी तपासून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या वाफ्यांत प्रजाती भरपूर होत्या, त्यांचे उत्पादन दुष्काळापूर्वीच्या निम्म्यावर आले. ज्यांत प्रजाती फार थोड्या होत्या, त्यांचे उत्पादन आठव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली घसरले.

यावर इतर शास्त्रज्ञांनी रास्त शंका घेतली. थोड्या प्रजातींचे वाफे हेच जास्त खताचे वाफे होते. मग दुष्काळात ते कोलमडले ते प्रजाती कमी म्हणून, की खतामुळे?

चिठ्ठ्या टाकून केलेली पेरणी

ही शंका फेडायची तर प्रजातींची संख्या सोडून बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवणे भाग होते. त्यासाठी १९९४ मध्ये १६८ वाफे नव्याने पेरण्यात आले. वाफ्यात १, २, ४, ८ किंवा १६ प्रजाती ठेवल्या. कोणत्या वाफ्यात कोणती प्रजाती जाईल हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविले. त्यांत गवते, शेंगवर्गीय वनस्पती व इतर रुंद पानांच्या बहुवर्षायू वनस्पती होत्या. खत दिले नाही आणि बाहेरून आलेले तण काढून टाकले.

सात वर्षांनंतर १६ प्रजातींच्या वाफ्यांतील वाढ एकेकट्या प्रजातींच्या वाफ्यांच्या सरासरीपेक्षा २.७ पट आढळली. दहा वर्षांच्या नोंदींवरून २००६ मध्ये दुसरी गोष्ट पुढे आली. सर्वाधिक प्रजातींच्या वाफ्यांचे उत्पादन सालोसाल स्थिर राहण्याचे प्रमाण एकेकट्या प्रजातींच्या वाफ्यांपेक्षा ७० टक्के अधिक होते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्या. मिश्र वाफ्यातील प्रत्येक प्रजाती स्थिर होती असे नाही. एकेक प्रजाती एका साली वर तर दुसऱ्या साली खाली जात होती. मात्र एक खाली गेली की दुसरी तिची जागा भरून काढी, म्हणून वाफ्याची बेरीज टिकून राहिली.

असे का घडते?

१. मुळांची वाटणी : एकीची मुळे वरच्या थरात पसरतात, दुसरीची खोल जातात. ओल व अन्नद्रव्ये वेगवेगळ्या थरांतून उचलली जातात.

२. वेळेची वाटणी : एक लवकर वाढून मोकळी होते, दुसरी नंतर जोम धरते. दोघींची तहान-भूक एकाच वेळी येत नाही.

३. नत्राची भर : शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. सीडर क्रीकच्या गरीब जमिनीत शेंगवर्गीय वनस्पती आणि उन्हाळ्यात जोमाने वाढणारी गवते यांची जोडी विशेष फायद्याची ठरली.

४. जोखमीची विभागणी : ज्या कारणाने एक प्रजाती बसते, त्याच कारणाने दुसरी बसेलच असे नाही.

पाटणचेरूचा हिशेब

गवताची वाढ म्हणजे धान्याचे उत्पन्न नव्हे, अशी शंका तुम्ही घ्याल. तिचे उत्तर आपल्या देशातच मिळते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील राव व विली या शास्त्रज्ञांनी ज्वारी-तुरीच्या ९४ प्रयोगांची आकडेवारी तपासून १९८० मध्ये हिशेब मांडला. ज्या पातळीखाली शेतकरी अडचणीत येतो अशी उत्पन्नाची एक पातळी धरली, तर तुरीचे सलग पीक ५ वर्षांतून एकदा त्या पातळीखाली जाते आणि ज्वारीचे सलग पीक ८ वर्षांतून एकदा. ज्वारी-तूर एकत्र घेतल्यास ही पाळी ३६ वर्षांतून एकदाच येते.

कारणे तीच आहेत. तूर पहिले दोन महिने सावकाश वाढते, त्या काळात ज्वारी जागा व उजेड वापरून घेते. ज्वारी काढल्यावर तुरीला मोकळे रान मिळते. ज्वारीची मुळे तंतुमय, तर तुरीचे सोटमूळ खोल जाणारे आहे.

रोगालाही अटकाव

चीनमधील युनान प्रांतात झू योयोंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ व १९९९ मध्ये हजारो शेतकऱ्यांच्या शेतांवर हेच तत्त्व वाणांच्या बाबतीत तपासले. करपा रोगाला बळी पडणाऱ्या चिकट भाताच्या ओळी रोगप्रतिकारक संकरित भाताच्या ओळींमध्ये लावल्या. त्या वाणाच्या सलग लागवडीच्या तुलनेत करप्याची तीव्रता ९४ टक्क्यांनी घटली व त्याचे उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढले. रोगाचे बीजाणू शेजारच्या ओळीत पोचले तरी तेथे त्यांना रुजता येईना.

याचा अर्थ काय नाही?

वाटेल ती पिके एकत्र पेरावीत असा अर्थ यातून काढू नका. सारख्याच मुदतीची, सारख्याच उंचीची व मुळांची दोन पिके एकमेकांचा घास हिरावतात. दोन्ही पिकांवर एकच कीड पडत असेल तर जोखीम विभागली जात नाही. भरपूर पाण्याच्या व चांगल्या भावाच्या साली सलग पीक मिश्र पेरीच्या पुढे जाऊ शकते. मिश्र पेरीचा खरा आधार वाईट सालाला असतो.

आपल्या शेतावर काय कराल?

• एक तृणधान्य व एक कडधान्य अशी जोडी निवडा. दोहोंच्या मुदतीत शक्य तेवढे अंतर ठेवा.

• बी एकत्र मिसळून फोकू नका. ठराविक ओळींनी पेरा, म्हणजे कोळपणी व काढणी सोपी जाते. बाजरी व तूर २:१ ओळींत घेता येते. इतर पिकांचे प्रमाण आपल्या विभागाच्या शिफारशीनुसार ठेवा.

• तणनाशक वापरायचे असल्यास ते दोन्ही पिकांना चालते याची खात्री करा.

• सर्व रानात एकच वाण घेऊ नका. लवकर व उशिरा येणारे वाण वाटून पेरा.

• स्वतःच्या शेतावर पडताळा घ्या. सारख्या जमिनीत १०-१० गुंठ्यांचे तीन तुकडे पाडा : एकात सलग ज्वारी, दुसऱ्यात सलग तूर, तिसऱ्यात आंतरपीक. तिन्हींचे धान्य वेगवेगळे मोजा.

हिशेब असा करा. समजा, सलग ज्वारी २०० किलो व आंतरपिकातील ज्वारी १६० किलो झाली, तर प्रमाण ०.८. सलग तूर ८० किलो व आंतरपिकातील तूर ४० किलो झाली, तर प्रमाण ०.५. बेरीज १.३ आली. म्हणजे एक एकर आंतरपिकातून मिळणारे धान्य सलग पिकांतून घ्यायला १.३ एकर जमीन लागली असती. बेरीज १ पेक्षा कमी आली तर ती जोडी तुमच्या जमिनीला मानवली नाही असे समजा व दुसरी जोडी घेऊन पाहा.

एका सालाच्या आकड्यावर निर्णय करू नका. टिल्मन यांच्या वाफ्यांनीही आपले म्हणणे दहा वर्षांत सांगितले. निदान तीन खरिपांच्या नोंदी वहीत ठेवा, प्रत्येक साली किती पाऊस पडला हेही लिहा. पावसाने ओढ दिलेल्या सालाचे पान मुद्दाम उघडून पाहा. कोणत्या तुकड्याने घरात धान्य व दावणीला वैरण आणली, ते त्या पानावर दिसेल.