जात्यावर बसलं की सुचतं

वडीगोद्री, ता. अंबड
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. पोरी,


परवा फोनवर तू म्हणालीस, निकाल लागल्यापासून वही उघडलीच नाही, रडगाणं लिहून मिळणार काय. तेव्हा मी विषय बदलला. फोनवर ‘होईल गं सगळं नीट’ यापलीकडे बोलणं जात नाही, आणि त्या वाक्याचा तुला उबग आलाय हे मला कळतं. म्हणून सावकाश लिहिते.

लिहिल्यानं राज्यसेवेचा निकाल बदलणार नाही. कवितेनं कुणाचं कर्ज फिटलं नाही की विहिरीला पाणी लागलं नाही. पण ज्याला सोसायचं आहे त्याला बळ येतं, हे मी ऐकीव सांगत नाही. लिहिलं की मन मोकळं होतं, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच वाटतं. नुसतं मोकळं व्हायचं तर रडूनही होता येतं. ओळ रचताना मात्र काय घ्यायचं, काय टाकायचं, कुठं थांबायचं हे आपण ठरवतो. जे आपल्याला दिवसभर छळतं, त्याच्यावर तेवढा वेळ आपली हुकमत चालते.

तुझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पहाटे अंधारातच ती जात्याला बसायची. एक पाय लांब सोडलेला, उजव्या हातात खुंटा, डाव्या मुठीनं वैरण. मूठ पडली की ओवी सुरू, पुढची मूठ टाकेपर्यंत ती पुरी झाली पाहिजे. ओळ लांबली तर हात अडखळायचा, म्हणून तिला फापटपसारा परवडायचाच नाही. आणि क्रम बघ. पहिली ओवी देवाची, मग आईबापाची, भावाची, माहेरच्या वाटेची. सासरचा जाच, गेलेलं लेकरू, हे सगळं नंतर. आवाज तापला, हात लयीत आला की मग. दुःखाला तिच्याकडे पाळी होती आणि ते पाळी आल्यावरच बोलायचं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आता ग्रामीण भारताच्या नोंदी जपणाऱ्या ‘परी’च्या संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. ऐक एकदा. यातल्या बहुतेकींना आपण कवी आहोत असं कधी वाटलंही नसेल. आणि शहागडच्या पुलाखालून जी आपली गंगा, म्हणजे गोदावरी, वाहते, ती पुढं गंगाखेडला जाते, जनाबाईच्या गावाला. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या त्या बाईनं आपल्या कष्टांच्या कामात प्रत्यक्ष विठ्ठलाला हाताशी घेतलं. कष्ट कमी झाले नसतील, पण ते करताना ती एकटी राहिली नाही.

आता घरचं सांगते. 2012 ला पाऊस रुसला आणि 2013 च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आपलीही वाळली. तू तेव्हा लहान होतीस. टँकरनं पाणी घालून घालून काका थकले आणि एक दिवस तोडणारी माणसं बोलावली. त्या रात्री मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसले. ‘उद्ध्वस्त’, ‘स्वप्नांची राख’ असले शब्द हाताशी होते, पण ते लिहावेसे वाटेनात. मी लिहिलं ते एवढंच: करवत सालीत शिरताना खसखस वाजते आणि आत गेली की आवाज बसतो. वाळलेल्या झाडालाही कापताना मोसंबीचा वास येतो. बुंध्यावर डोळा भरल्याची गाठ तशीच होती, खाली जंबेरी, वर मोसंबी.

काका त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हते. चार दिवसांनी मी ते पान त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘ती गाठ माझ्या हातची.’ त्यानंतर ते तासभर बोलले. कलमं कुठून आणली, पहिला बहार कधी धरला, बँकेचं किती राहिलं, सगळं. ‘मी उद्ध्वस्त झाले’ असं लिहिलं असतं तर त्याला त्यांनी काय उत्तर दिलं असतं? गाठीवर मात्र बोलता आलं. त्या जिल्ह्यात, त्या वर्षात, घरातला माणूस बोलता होणं ही केवढी गोष्ट होती हे तुला सांगायला नको.

म्हणून सांगते, पहिल्या ओळीतच निकालाला हात घालू नकोस. अभ्यासिकेतल्या पंख्यापासून सुरुवात कर, मेसच्या डब्यापासून कर. निकाल येईल आपल्या पायानं. आणि आला की त्याला मापात बसव. ओवी घे, अभंग घे, अष्टाक्षरी घे. मुक्तछंद वाईट नाही, पण मन सैरभैर असताना अक्षरं मोजण्याचं काम हाताला असलेलं बरं.

लिहून झाल्यावर थोडं जड वाटेल, त्याला घाबरू नकोस. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या मोठ्या घावाबद्दल लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांचं मन अधिकच खिन्न होतं. पण घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी इतरांपेक्षा कमी चढावी लागली.

वेळ नाही असं म्हणशील, तर आपल्या मराठवाड्याचे बी. रघुनाथ आठव. निजामाच्या राजवटीत बांधकाम खात्यात कारकुनी, शाळा-कचेरीत उर्दू, आणि तरी या माणसानं मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. 1953 साली, अवघ्या चाळिशीत गेले. महानोरांनी तर पळसखेडला शेती कसतच ‘रानातल्या कविता’ लिहिल्या.

सध्या कुणाला दाखवू नकोस. स्टेटसला तर अजिबात टाकू नकोस. लोकांनी पाठवलेले बदाम मोजत बसशील आणि ओळ तिथंच राहील. छापायचं, संमेलनात वाचायचं, ते पुढचं पुढं.

एक मात्र निक्षून सांगते. झोप उडाली, जेवण जाईना, नको नको ते विचार यायला लागले, तर वहीवर भागवू नकोस. मला रात्री-अपरात्री फोन कर, डॉक्टरकडे जा. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. वही हे माणसांकडे जाण्याचं बळ आहे, त्यांना टाळायची जागा नव्हे.

पुढच्या पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही, ते संक्रांतीला आलीस की बोलू. वही सोबत आण. वाचून दाखवायची सक्ती नाही, पण काकांनी विचारलंय.

तुझी,
मावशी