सण त्यांचा, शब्द आपला

मार्गशीर्ष सरत आला म्हणजे गोव्यात सणांची दाटी होते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात 'गोंयच्या सायबा'चे फेस्त, २५ डिसेंबरला नाताळ, आठ दिवसांत इंग्रजी नवे वर्ष, पौषात म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा, १४ किंवा १५ जानेवारीस मकर संक्रांत आणि तेथून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. या दिवसांत शेजाऱ्यास, गिऱ्हाइकास, कचेरीतील सहकाऱ्यास कोणत्या शब्दांनी शुभ चिंतावे, हा प्रश्न सभासद कुटुंबांतून निघत असतो. नाताळाचे नाव उच्चारणे म्हणजे स्वतःच्या श्रद्धेशी प्रतारणा, असे काही वडीलधाऱ्यांस वाटते. तरुण मंडळींपैकी काहींचे म्हणणे असे की, कोणत्याच सणाचे नाव घेऊ नये. सर्वांस सरसकट 'सणांच्या शुभेच्छा' द्याव्यात आणि मोकळे व्हावे. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

वडीलधाऱ्यांच्या संकोचास मात्र इतिहास आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत साष्टी-बारदेशातील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली ती त्याच संकटामुळे. आज अंत्रुज महालात आपण ज्या देवांपुढे हात जोडतो, त्यांतील कित्येकांस पूर्वजांनी रातोरात नदीपार नेले आहे. ज्या घराण्यांत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, त्यांच्या तोंडी नाताळाचे नाव सहज येत नसेल तर त्यात नवल नाही. परंतु चारशे वर्षांपूर्वीच्या सत्तेच्या कृत्याचा जाब आजच्या शेजाऱ्याकडे मागता येत नाही. त्याचेही पूर्वज त्याच गावचे आणि त्याच भाषेचे होते.

भाषेचा हा धागा किती चिवट आहे पाहा. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने 'क्रिस्तपुराण' लिहिले ते मराठी ओवीत. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले, आणि त्यात स्वर्गाला शब्द आला तो 'वैकुंठ'. आजही गोव्यातील ख्रिस्ती मनुष्य आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतो आणि हिंदूही तेच म्हणतो. या तीन शब्दांत कोणता देव, हे कोणी विचारीत नाही. सर्वांस सामावून घेणारी शुभेच्छा शोधण्यासाठी दूर जाण्याचे आपणांस कारण नाही. ती बाजारात रोज कानांवर पडते.

आता शास्त्राकडे वळू. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीर, वाणी आणि मन यांची तपे सांगितली आहेत. वाणीच्या तपाची लक्षणे अशी : ते बोलणे ऐकणाऱ्यास उद्वेग देत नाही, ते सत्य असते, प्रिय असते आणि हितकारक असते, त्यास स्वाध्यायाची जोड असते. शुभेच्छा ही वाणीच असल्याने तिलाही ही कसोटी लागू पडते. यांत प्रिय बोलणे सोपे. अडते ते सत्यापाशी.

ख्रिस्ती शेजाऱ्यास 'नाताळाच्या शुभेच्छा' म्हणणारा हिंदू खोटे बोलतो काय? तो आपल्या श्रद्धेची घोषणा करीत असता, तर तसे म्हणता आले असते. पण शुभेच्छेतील इच्छा बोलणाऱ्याची असते आणि सण ऐकणाऱ्याचा. 'तुझा आजचा दिवस आनंदात जावो' एवढेच त्यात असते, आणि ते मनापासून असेल तर पूर्ण सत्य असते. लग्नघरी जाऊन आपण वधूवरांस आशीर्वाद देतो, तेव्हा लग्न आपले नसते. उलट, शंभर पत्त्यांवर छापील कार्डे पाठवून खाली स्वतःची सहीदेखील न करणारा मनुष्य सत्याच्या कसोटीस उतरतो की नाही, याविषयी आम्हांस अधिक शंका आहे. (ही कार्डांची प्रथाही फार जुनी नव्हे; विक्रीस निघालेले पहिले नाताळ-कार्ड लंडनमध्ये हेन्री कोल यांनी १८४३ साली काढले.)

म्हणून सरसकट शुभेच्छा निषिद्ध ठरते असे नाही. पोर्तुगीज भाषेतील 'बोआस फेस्तास' म्हणजे 'शुभ सण' इतकेच. आणि इंग्रजीतील 'हॉलिडे' शब्दाचा मूळ अर्थही 'पवित्र दिवस' असाच आहे. दुकानाच्या फळीवर समोरचा कोण हे ठाऊक नसते. कचेरीच्या सूचनाफलकावर तर सर्वच येतात. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. २००० साली तर रमजान ईद जानेवारीच्या आरंभी एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, अशी दोनदा आली. अशा वेळी 'सणांच्या शुभेच्छा' हेच शब्द खरे. मात्र ज्या शेजाऱ्याचे नाव, घर, मुलेबाळे आपणांस ठाऊक आहेत, ज्याच्या दारातील तारा आपण संध्याकाळी पाहतो, त्याच्याशी असे मोघम बोलणे म्हणजे त्याला अनोळखी ठरविणे होय.

शब्दांआधीच ताटांनी हा प्रश्न सोडविला आहे. नाताळात ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे 'कोंसुआद' म्हणजे गोडधोडाचे ताट जाते. त्यात नेवऱ्या असतात. याच नेवऱ्या चतुर्थीला आपल्या घरी होतात. जाणती गृहिणी शिवराक शेजाऱ्याकडे बेबिंक पाठवीत नाही, कारण त्यात अंड्याचे बलक पडतात. तांदळाचे पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचा रस यांचे दोदोल पाठविते. पाठविणारीने आपला सण लपविला नाही आणि घेणारीचा नियमही मोडला नाही. गीतेतील 'उद्वेग न देणारे' या लक्षणाचे याहून चांगले भाष्य आम्हांस ठाऊक नाही.

हाच विवेक संक्रांतीस आपणांकडून अपेक्षित आहे. मंडळींनी आपल्या सणाचे नाव गाळून 'ऋतूच्या शुभेच्छा' देण्याचे काही कारण नाही. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीतील प्रवेश. तिची इंग्रजी तारीखही स्थिर नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, आणि ती १२ जानेवारीस होती. ख्रिस्ती वा मुसलमान स्नेह्यास तिळगूळ देऊन 'गोड उलय' म्हणावे. त्या शब्दांत कोणावर कोणतीही सक्ती नाही. कुंकवाचे मात्र तसे नाही. अन्यधर्मीय मैत्रीण हळदीकुंकवास आली असता न विचारता तिच्या कपाळी कुंकू लावू नये. फूल, तिळगूळ आणि वाण द्यावे. तिने स्वतः कपाळ पुढे केले तर गोष्ट निराळी.

आणि सर्वांस सामावून घेण्याची भाषा बोलताना एक गोष्ट डोळ्यांआड होऊ नये. शेजारच्या ख्रिस्ती बाईस आपण आग्रहाने बोलावितो, आणि आपल्याच घरातील विधवा आत्या किंवा काकू त्या दिवशी माजघरात बसून राहते. तिळगूळ सवाष्ण-विधवा भेद जाणत नाही. तो भेद आपण आमंत्रणात घालतो. ज्या घरांनी हळदीकुंकवाऐवजी 'तिळगूळ समारंभ' असे आमंत्रण लिहून सर्व स्त्रियांस एका ओळीत बसविले, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. शब्द बदलावयाचा असेल तर प्रथम तो येथे बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहिला दुखवट्याच्या घरांचा प्रश्न. ज्या घरी वर्षाच्या आत मृत्यू झालेला असतो, तेथे सणाचे पक्वान्न होत नाही. ही रीत हिंदूंत आहे, तशी अनेक ख्रिस्ती घरांतही पाळली जाते. अशा घरी 'आनंदाचा नाताळ' किंवा 'शुभ संक्रांत' म्हणत जाऊ नये. ताट न्यावे, ते झाकून न्यावे, 'पोरांखातर हाडलां' एवढे म्हणावे, आणि घटकाभर बसून यावे.