दक्षिणा ते अधिछात्रवृत्ती

संशोधकाला अर्थसाहाय्यातून प्रामुख्याने अध्ययनाचा वेळ लाभतो. रत्नागिरीत शालेय शिक्षण घेतलेल्या रा. गो. भांडारकरांचे (१८३७–१९२५) उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. पेशवाईत शास्त्रीपंडितांना मिळणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी राजवटीत अधिछात्रवृत्त्या देण्यात येऊ लागल्या. ‘दक्षिणा फेलो’ असतानाच भांडारकर संस्कृतच्या अध्ययनाकडे वळले. विद्वानांच्या गौरवार्थ असलेला निधी अशा रीतीने नवे विद्वान घडविण्याच्या कामी आला.

आजच्या योजनांकडेही याच दृष्टीने पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती नेट परीक्षेतील गुणवत्तेवर मिळते. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद सामाजिक शास्त्रांतील, तर बार्टी, सारथी व महाज्योती या राज्यसंस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना साहाय्य करतात.

कोकणातील बोली, दशावतार अथवा खोती यांवरील संशोधनासाठी गावोगाव हिंडावे लागते. तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या अभ्यासकाला तेवढी सवड क्वचितच मिळते. म्हणून विषयनिश्चिती आणि अर्थसाहाय्य यांचा विचार नोंदणीपूर्वीच एकत्रितपणे व्हावा. ही जबाबदारी विद्यार्थ्याइतकीच मार्गदर्शकाचीही आहे.