स्थानिक कलांना आश्रय : शासन, समाज आणि पाठपुरावा

वाराणसीतील मंगला गौरीचे मंदिर पंचगंगा घाटाजवळ आहे. लगतच्या दुर्गा व ब्रह्मा घाटांच्या परिसरात महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली. येथील बालाजी मंदिराच्या नौबतखान्यात बिस्मिल्ला खाँ कुमारवयात सनईचा रियाज करीत. त्यांचे मामा व गुरू अली बक्ष विश्वनाथ मंदिरात सनईवादनाच्या सेवेत होते. २००१ मध्ये 'भारतरत्न' लाभलेल्या या कलावंताची जडणघडण अशा प्रकारे वस्तीतील मंदिरांच्या आश्रयाने झाली. स्थानिक कलेला आधार कोणी व कशासाठी द्यावा, हा प्रश्न समजून घेण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

आधाराची आर्थिक कारणे

नौबतखान्यातील सनई घाटावरून जाणाऱ्यालाही ऐकू येते. त्याच्याकडून मूल्य वसूल करता येत नाही आणि त्याच्या ऐकण्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. ही सार्वजनिक वस्तूची दोन्ही लक्षणे होत. अशा सेवेचा पुरवठा केवळ बाजारावर सोडल्यास तो अपुरा पडतो.

दुसरे कारण विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये मांडले. यंत्रामुळे कारखान्यातील उत्पादकता वाढते व त्याबरोबर वेतनही वाढते. परंतु एखादा राग सादर करण्यास पूर्वी लागे तितकाच वेळ आजही लागतो. परिणामी प्रयोगकलांचा सापेक्ष खर्च वाढत जातो व तिकिटाच्या उत्पन्नातून तो भागत नाही. पूर्वी ही तफावत देवस्थाने व संस्थानिक भरून काढीत.

पाठपुराव्याचे महत्त्व

जुना राजाश्रय क्षीण होत असताना नव्या आश्रयाची मागणी व्यक्तींनी केली. वकिली सोडून संगीताला वाहून घेतलेले पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषदा भरल्या. पहिली १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात, तर तिसरी १९१९ मध्ये काशीत झाली. या परिषदांतून राष्ट्रीय संगीत अकादमीची कल्पना पुढे आली आणि १९२६ मध्ये लखनौचे संगीत महाविद्यालय सुरू झाले. संगीत नाटक अकादमी मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये स्थापन झाली. मागणी आणि धोरण यांत किती काळ जातो, हे यावरून दिसते.

घटनात्मक व संस्थात्मक चौकट

• अनुच्छेद ५१-क (च) : संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य.

• अकरावी अनुसूची, विषय २१ : सांस्कृतिक कार्य (पंचायती).

• बारावी अनुसूची, विषय १३ : सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन (नगरपालिका व महानगरपालिका).

• राष्ट्रीय संस्कृती निधी (१९९६) : शासन व खाजगी देणगीदार यांची भागीदारी.

• कंपनी कायदा, २०१३ : सामाजिक दायित्वाखालील खर्चास पात्र बाबींमध्ये कला व पारंपरिक हस्तकला यांचा समावेश.

उणीव कोठे आहे?

अनुसूचींतील हे विषय राज्य विधिमंडळ स्थानिक संस्थांकडे सोपवू शकते. त्यांवर खर्च करण्याची सक्ती घटनेत नाही. पाणी, रस्ते व गटारे यांच्या तुलनेत कलेची मागणी क्षीण असते. म्हणून रहिवाशांनी पाठपुरावा केल्याखेरीज अंदाजपत्रकात कलेला स्थान मिळणे कठीण असते.

शिवाय जो निधी मिळतो, तो कशावर खर्च होतो हेही पाहावे लागते. महोत्सव व पुरस्कार सिद्ध झालेल्या कलावंताचा गौरव करतात. नौबतखान्याने मात्र शिकणाऱ्या मुलाला रियाजाची जागा दिली आणि मंदिराच्या सेवेने त्याच्या गुरूला नित्याचे काम दिले. क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांच्या गुरू-शिष्य परंपरा योजनेत गुरू व शिष्य दोघांनाही मानधन मिळते. तिचा रोख याच गरजेवर आहे.

२०१५ मध्ये वाराणसीला युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात 'संगीताचे शहर' म्हणून स्थान मिळाले. या बहुमानाचे मूल्यमापन महोत्सवांच्या संख्येवरून करणे अपुरे ठरेल. वस्तीतील किती मुलांना रियाजाची जागा आहे व किती गुरूंना नियमित मानधन मिळते, हे त्याचे खरे निकष होत.

सरावासाठी प्रश्न

१. प्रयोगकलांना सार्वजनिक साहाय्य देण्याची आर्थिक कारणे स्पष्ट करा.

२. कलासंवर्धनात स्थानिक स्वराज्य संस्थांची भूमिका व मर्यादा यांची चर्चा करा.