चित्रमय विज्ञान-साहसकथा आणि किशोर वाचक

शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडावयाची वेळ आली की विज्ञान-साहसकथांविषयी दोन आक्षेप हटकून निघतात. एक, त्यांतील विज्ञान कालबाह्य किंवा सरळ चुकीचे असते. आणि दुसरा, दहा ते चौदा वर्षांची मुले अशा पुस्तकांतील चित्रेच पाहतात, मजकूर वाचीत नाहीत. या दोन्ही आक्षेपांची तपासणी करावयाची तर ज्या लेखनापासून या वाङ्मयप्रकाराला आज परिचित असलेले रूप आले, त्या ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या सचित्र कादंबऱ्यांकडे वळणे सोयीचे ठरते.

व्हर्नची (१८२८–१९०५) पहिली गाजलेली कादंबरी, बलूनमधून केलेल्या आफ्रिकाप्रवासाची, १८६३ साली प्रसिद्ध झाली. तिचे प्रकाशक प्येर-ज्यूल एत्झेल यांनी ज्याँ मासे या शिक्षणप्रेमी सहकाऱ्याबरोबर मार्च १८६४ मध्ये मुलांसाठी व कुटुंबासाठी एक पाक्षिक सुरू केले. शिक्षण आणि मनोरंजन हे दोन्ही हेतू त्याच्या नावातच होते. व्हर्नच्या बहुतेक कादंबऱ्या प्रथम त्यातून क्रमशः येत, नंतर साध्या स्वस्त आवृत्तीत निघत आणि अखेरीस मोठ्या आकाराच्या, लाल-सोनेरी बांधणीच्या सचित्र आवृत्तीत. ही शेवटची आवृत्ती नववर्षाची भेट म्हणून आणि शाळेतील बक्षीस म्हणून दिली जाई. भूगोल, भूगर्भशास्त्र, पदार्थविज्ञान व खगोलशास्त्र यांनी मिळविलेले ज्ञान कथेच्या ओघात मांडावयाचे, हा एत्झेल यांचा घोषित संकल्प होता. थोडक्यात, हा आरंभापासूनच शैक्षणिक उपक्रम होता. चित्रे ही त्यात मागाहून चिकटविलेली शोभा नव्हती.

चित्रकार लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर चित्र काढी, कोरक्या त्यावरून रेघ न् रेघ कोरून काढी आणि त्या ठोकळ्यावरून घेतलेल्या धातूच्या ठशाने पान छापले जाई. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या कादंबरीच्या १८७१ च्या आवृत्तीत अशी १११ चित्रे आहेत. ती एदुआर रिऊ व आल्फोंस द नव्हील या दोघांची. प्रत्येक चित्राखाली मजकुरातील एखादे वाक्य छापलेले असे. बारकावा लहान, पण महत्त्वाचा आहे. मूल चित्र पाहते, खालचे वाक्य वाचते आणि ते वाक्य पुस्तकात कोठे आहे याचा शोध घेऊ लागते. म्हणजे चित्र हे मजकुराकडे नेणारे दार होते. ‘मुले चित्रेच पाहतात’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा पुस्तकाच्या रचनेत असते; चित्र एका ठिकाणी आणि त्याचा प्रसंग चाळीस पानांनी पुढे, अशी मांडणी असेल तर दोष मुलाचा नव्हे.

चित्रांमागे अभ्यासही होता. पृथ्वीच्या पोटात शिरणाऱ्या प्रवाशांच्या कथेतील प्राचीन सागरी सरड्यांचे युद्ध रिऊने चितारले, तेव्हा हे प्राणी त्याला नवखे नव्हते. लुई फिगिये यांच्या १८६३ मधील भूस्तरशास्त्रविषयक लोकप्रिय ग्रंथासाठी त्याने ते आधीच काढले होते.

आता चुकांचा प्रश्न. चंद्रप्रवासाच्या दोन कादंबऱ्या (१८६५ व १८७०) या दृष्टीने विशेष उपयुक्त आहेत. फ्लोरिडात जमिनीत ओतलेल्या ९०० फूट लांबीच्या तोफेतून सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने एक पोकळ गोळा चंद्राकडे सोडला जातो; आत तीन माणसे, दोन कुत्रे व काही कोंबड्या. वेगाचा आकडा अचूक आहे. पृथ्वीच्या आकर्षणातून सुटण्यासाठी जवळपास तेवढाच वेग लागतो. १९६९ मध्ये अपोलो-११ यानही तीन माणसे घेऊन फ्लोरिडातूनच निघाले, हा योगायोग सर्वपरिचित आहे. चूक आहे ती तोफेत. ९०० फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. एवढ्या अंतरात वेग शून्यावरून ११ किलोमीटरवर न्यावयाचा तर सरासरी वेग साडेपाच किलोमीटर धरून वेळ मिळतो सेकंदाचा विसावा भाग. प्रवेग निघतो गुरुत्वप्रवेगाच्या वीस हजार पटींहून अधिक. चाळीस किलो वजनाच्या मुलाला त्या क्षणी आपले वजन आठशे टनांहून जास्त भासेल, किंबहुना काही भासावयास तो उरणारच नाही. व्हर्नने धक्का शोषण्यासाठी गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला आहे. त्याचा उपयोग या आकड्यांपुढे काय होणार? हे गणित माध्यमिक शाळेच्या फळ्यावर दहा मिनिटांत मांडता येते आणि अग्निबाण हळूहळू वेग का घेतो हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्येतून होत नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे व तिचा पुरावा खुद्द चित्रांतच सापडतो. उड्डाणाच्या धक्क्याने सॅटेलाइट नावाचा कुत्रा जखमी होऊन मरतो. प्रवासी त्याचे शव झडपेतून बाहेर टाकतात. पुढे खिडकीतून पाहतात तो ते शव गोळ्याच्या बरोबरीने चाललेले! हे शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे. दोघांचा वेग एकच, दोघांवरील आकर्षण सारख्याच प्रमाणात. एमिल बायार व द नव्हील यांच्या चित्रांत तो प्रसंगही आहे आणि वजन हरपून गोळ्यात तरंगणारे तिघे प्रवासीही आहेत. पण व्हर्नच्या मते हे तरंगणे फक्त एका बिंदूपाशी घडते, जेथे पृथ्वी व चंद्र यांचे आकर्षण समतोल होते. वास्तविक इंजिन बंद असलेल्या यानात ते प्रवासभर घडावयास हवे. ज्या कारणाने कुत्र्याचे शव मागे पडत नाही, त्याच कारणाने माणसाचे पायही फळीवर दाबले जाणार नाहीत. लेखकाने एका पानावर सत्य ओळखले व दुसऱ्या पानावर ते त्याच्या हातून निसटले. ही दोन चित्रे शेजारी ठेवून ‘यांतील एक दुसऱ्याला खोटे कसे पाडते?’ असा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गाला विचारावा. त्यासाठी पुस्तक निर्दोष असण्याची गरज नाही. उलट निर्दोष पुस्तकाने ही संधी दिली नसती.

मराठी वाचकाला व्हर्न परका नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून त्याच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप क्रमशः आले. पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्रसैतान’ अशा पुस्तकांतून तो मुलांच्या हाती दिला. मुळातील माशांच्या लांबच लांब याद्या मुलांसाठी गाळणे योग्यच. मात्र संक्षेप करताना आकडे आणि चित्रे हीच प्रथम गळत असतील तर उरते ती नुसती पळापळ. पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘किशोर’ मासिकाने १९७१ पासून मराठी मुलांसाठी चित्र व मजकूर यांचा जो मेळ राखला, तो या बाबतीत नजरेसमोर ठेवण्यासारखा आहे.

भारताचे चित्रण हा स्वतंत्र विषय आहे. ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीत १८७२ साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग मध्येच तुटलेला दाखविला आहे. प्रत्यक्षात तो १८७० मध्ये जोडला गेला होता. मलबार हिलवरील देवळात पादत्राणांसह शिरणारा नोकर व सतीचा प्रसंग हे युरोपीय वाचकाच्या कुतूहलासाठी रंगविलेले आहेत, हे शिक्षकाने मुलांना सांगितले पाहिजे. परंतु याच लेखकाने पाणबुडीचा अधिपती कॅप्टन नेमो निर्माण केला. व्हर्नला तो रशियाविरुद्ध लढलेला पोलिश सरदार करावयाचा होता. रशियातील वाचक दुरावतील म्हणून एत्झेल यांनी त्यास नकार दिला, आणि पहिल्या कादंबरीत नेमोचा देश गुप्तच राहिला. १८७४–७५ मधील ‘गूढ बेट’ या कादंबरीत मात्र तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, युरोपात शिकलेला आणि १८५७ च्या उठावात सर्वस्व गमावलेला, असे उघड होते. दोन कादंबऱ्यांतील सनावळी जुळत नाही; नेमोच्या मृत्यूचे साल आणि पाणबुडीच्या सफरीचे साल जवळजवळ एकच पडते. चिकित्सक मुलांना ती विसंगती शोधावयास लावावी.

चित्रकारांची येथे अडचण झाली. १८७१ च्या आवृत्तीत रिऊने नेमोचा चेहरा कर्नल शारास या फ्रेंच सेनाधिकाऱ्यावरून घेतला होता. कारण तो हिंदी आहे हे तेव्हा चित्रकाराला कोणी सांगितलेच नव्हते. त्यामुळे मूळ सचित्र आवृत्तीत १८५७ चा हा वीर आजही युरोपीय चेहऱ्याने खिडकीपाशी उभा आहे.